मदत हवी आहे: ओढ्यात रेनबो ट्राउट सोडायचा ठराव येतोय, विरोध कसा मांडू?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. उत्तर अमेरिकेतल्या रॉकीज पर्वतरांगांमधल्या एका ओढ्यावर गळ टाकणाऱ्या हौशी लोकांचा आमचा क्लब आहे आणि पुढच्या मीटिंगला ठराव येतोय की वरच्या टप्प्यात हॅचरीतली (मत्स्यबीज केंद्रातली) रेनबो ट्राउटची बोटुकली सोडायची, कारण मासे कमी झालेत, दिवसदिवस बसून गळाला काही लागत नाही. तक्रार खरीच आहे हो. पण तिथे मूळचा कटथ्रोट ट्राउट आहे आणि रेनबो बाहेरचा, म्हणून मागच्या वेळी मी नको म्हटलं, तर एक जुने मेंबर म्हणाले, "अहो अजून एक जात आली की विविधता वाढणार, कमी कशी होईल?" सगळे हसले आणि मला उत्तरच सुचेना.

एवढं माहीत आहे की दोघंही वसंतात अंडी घालतात आणि त्यांची संकरित पिल्लं वांझ नसतात, त्यामुळे मिसळण थांबतच नाही. ब्राउन ट्राउट शरदात अंडी घालतो, तो कटथ्रोटचं खाणं आणि जागा बळकावेल पण त्याच्या रक्तात शिरत नाही, म्हणजे त्यांचा संकर होत नाही.

आणि धास्तीचं कारण असं की परवा धबधब्याखालच्या डोहात एक मासा लागला, जबड्याखाली कटथ्रोटचा तो केशरी-लाल चिरा अगदी ठळक, म्हटलं आपलाच आहे, सोडायला पाण्यात धरला तर पोटाखालच्या पंखांच्या कडा पांढऱ्या आणि डोक्यावर काळे ठिपके, ही तर रेनबोची लक्षणं. म्हणजे खाली मिसळलेत ना ऑलरेडी? मग वरचं शुद्ध असेल का, ते कसं कळणार? आणि वांझ रेनबो सोडू असाही पर्याय पुढे आलाय, तो चालेल का?

प्रतिसाद १
त्या मेंबरना विचारा, विविधता कुठे मोजताय? एका ओढ्यात दोन जाती दिसल्या म्हणून वाढली वाटते, पण प्रत्येक ओढ्यातला कटथ्रोट हजारो वर्षं तिथल्याच थंडीत, तिथल्याच पुरात तावून निघालाय, शेजारच्या ओढ्यातल्यापेक्षा वेगळा झालाय. सगळीकडे त्याच हॅचरीतल्या त्याच मोजक्या नर-माद्यांची पिल्लं सोडली की हा फरक पुसला जातो. आणि अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या फ्लॅटहेड नदीच्या खोऱ्यातल्या अभ्यासात (२००९) दिसलंय की माशात २० टक्के रेनबो मिसळला की त्याची जगणारी पिल्लं जवळपास निम्म्यावर येतात. मग संकर आपोआप मरून का जात नाही? कारण हे मासे जन्मल्या ओढ्यात परतण्याऐवजी भटकतात, नवीन ओढे बाटवत जातात. एकदा शिरलं की गाळून काढता येत नाही.

प्रतिसाद २
वांझ म्हणजे ट्रिप्लॉइड (गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेला), अंड्यांना उष्णतेचा किंवा दाबाचा झटका देऊन करतात, पण शंभर टक्के वांझ निघतीलच असं नाही आणि वांझ असला तरी तो खातो, जागा अडवतो, रोग आणतो. धबधब्याच्या वर अजिबात नको. स्लोव्हेनियात सोचा नदीच्या खोऱ्यातला मार्बल ट्राउट बाहेरच्या ब्राउन ट्राउटशी मिसळला, शुद्ध उरला तो फक्त धबधब्यांमागे कोंडलेल्या उगमाकडच्या ओढ्यांत. अर्थात कोंडलेपणाचाही त्रास आहे, संख्या लहान राहते आणि एखादी दरड आली की खेळ खलास.
दिसण्यावरून मात्र काही ठरवू नका. कोलोराडोत वर्षानुवर्षं ग्रीनबॅक कटथ्रोट (कटथ्रोटची तिथली एक उपजात) म्हणून जपले आणि सोडले ते भलतेच निघाले, २०१२ मध्ये संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी डीएनए ताडला तेव्हा खरा ग्रीनबॅक एकाच ओढ्यात सापडला, बेअर क्रीकमध्ये. गंमत म्हणजे तोही तिथे माणसानेच नेऊन सोडलेला!
मासे कमी झाले यावर मोंटानाचं उदाहरण द्या. मॅडिसन नदीत सोडणं थांबवल्यावर जंगली ट्राउट वाढले, आणि १९७४ पासून जिथे जंगली मासे स्वतः टिकून आहेत अशा नद्यांत त्यांनी हॅचरीचे मासे सोडणं बंद केलं. प्रामाणिकपणे हेही सांगा की ते जंगली मासे बहुतेक ब्राउन आणि रेनबोच होते, म्हणजे मुळात बाहेरचेच, नाहीतर कुणीतरी तिथेच पकडेल तुम्हाला.

धागाकर्ती
बाप रे, शेवटचं बरं झालं सांगितलंत, मी नेमकं तिथेच अडकले असते. मग वरच्या माशांची डीएनए चाचणीच करून घ्यावी म्हणते, त्यासाठी किती मासे लागतील? मारावे लागतात का?

प्रतिसाद २
मारायचं काही नाही. पंखाचा नखाएवढा तुकडा कात्रीने कापायचा, अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, मासा परत पाण्यात. वरच्या टप्प्यातले पंचवीस-तीस तरी घ्या, सगळे एकाच डोहातले नकोत, नाहीतर भावंडंच मोजाल. आधी परवाना काढा.

धागाकर्ती
ओके. मग "नको" न म्हणता "रिपोर्ट येईपर्यंत वरच्या टप्प्यात काही सोडायचं नाही" असा उपठराव मांडते, जुने मेंबरही कदाचित हात वर करतील. कुणी असा ठराव लिहिला असेल तर मजकूर टाका ना इथे, मीटिंग रविवारी आहे.