‘सूज’, ‘दाह’, ‘शोथ’ की ‘जळजळ’? तापातल्या मेंदूसाठी शब्द हवा आहे

मंडळी, नमस्कार. मी तासगावची, निवृत्त शिक्षिका. आमच्या भागातल्या आशाताईंसाठी एक पानी पत्रक लिहून देते आहे. विषाणूच्या तापात शरीरातली हार्मोन्स काय करतात आणि म्हातारी माणसं तापात असंबद्ध का बोलतात, हा विषय. तीन दिवस एकाच शब्दावर अडले आहे. डॉक्टर ज्याला ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात त्याला मराठीत काय लिहू?

का अडले ते सांगते. एप्रिल २०२१. आई ७४ वर्षांची, कोविडने दवाखान्यात, ऑक्सिजनवर. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “सूज वाढलीय, स्टेरॉइड सुरू करतो.” भाऊ पीपीई घालून आत गेला आणि त्याने आईच्या घोट्याजवळ अंगठा दाबून पाहिला, खड्डा पडतो का ते. पडला नाही. बाहेर येऊन मला म्हणाला, “सूज तर कुठंच नाही, मग इंजेक्शन कशाचं?” सूज होती ती रक्ताच्या रिपोर्टात, सीआरपी नावाच्या रक्ततपासणीच्या आकड्यात. ते आम्हाला कुणी फोड करून सांगितलं नाही. त्याच रात्री आई उठून बसली आणि हाका मारायला लागली, “बेदाण्यावर पाऊस आला, रॅकवर कागद ओढा!” दोन दिवस तिने आम्हाला ओळखलं नाही. भावाला वाटलं, सूज मेंदूत गेली, आता आई गेली. आई बरी झाली, पण त्या दोन दिवसांची भीती एका शब्दाने वाढवली होती.

म्हणून ‘सूज’ नको वाटते. वर्तमानपत्रांत ‘शरीरातील जळजळ कमी करा’ असं छापतात, ते तर वाचवत नाही. मराठी माणसाला जळजळ होते ती छातीत, मिसळ खाल्ल्यावर. उरले ‘दाह’ आणि ‘शोथ’. काय वाटतं?

प्रतिसाद, सांगलीहून (संस्कृतचे प्राध्यापक)

ताई, निःशंकपणे ‘दाह’ लिहा. ‘दह्’ म्हणजे जाळणे. ‘इन्फ्लमेशन’च्या लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थही पेटवणे असाच आहे, त्यामुळे हे दोन शब्द एकाच अनुभवातून आलेत. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं नोंदवली आहेत : लाली, सूज, ऊब आणि वेदना. म्हणजे सूज हे चारांतलं एक लक्षण झालं, पुरी प्रक्रिया नव्हे. ‘शोथ’ हा शब्द संधिशोथ, मस्तिष्कशोथ अशा रोगनामांत रुळला आहे, पण त्याचाही मूळ अर्थ सुजणे हाच. तुमच्या भावाचा अंगठा तिथेही खड्डाच शोधेल.

जाता जाता ‘हार्मोन’च्या मराठी प्रतिशब्दाविषयी, ‘संप्रेरक’विषयी. ‘हार्मोन’ हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली आणला, तो ‘चेतवणे, उद्युक्त करणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. ‘संप्रेरक’ तंतोतंत तोच अर्थ देतो. पत्रकात निदान एकदा तरी येऊ द्या.

प्रतिसाद, मिरजेहून (परिचारिका, २२ वर्षं वॉर्डात)

सर, शब्द अचूक आहे, पण मी तो वॉर्डात उच्चारणार नाही. आजाऱ्याच्या लेकीला ‘मेंदूचा दाह’ म्हणून बघा. तिच्या कानाला दाहसंस्कारच ऐकू येतो. दुसरं म्हणजे, ‘मेंदू’ आणि आजार एका वाक्यात आले की लोक ‘मेंदूज्वर’ समजतात. मेंदूज्वरात खुद्द मेंदूलाच लागण झालेली असते. ताईंच्या आईंसारख्या पेशंटमध्ये बहुतेक वेळा विषाणू छातीत असतो आणि तरीही मेंदू गोंधळतो. हा फरक दाखवणारा शब्द हवा. माझ्याकडे नाही, पण गरज मात्र रोज पडते.

प्रतिसाद, साताऱ्याहून (डॉक्टर)

परिचारिकाताईंनी नेमकं बोट ठेवलंय. आधी घडतं काय ते सांगतो, मग शब्द सापडेल.

विषाणू शिरला की पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाचे निरोप सोडतात. ते रक्तातून आणि छाती-पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नसेवाटे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागापर्यंत पोचतात. तिथून दोन हुकूम सुटतात. एक ताप चढवण्याचा. दुसरा पियूष ग्रंथीमार्फत मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना : कॉर्टिसोल सोडा. हे कॉर्टिसोल पांढऱ्या पेशींना आवरतं. म्हणजे दाह स्वतःच आपला लगाम मागवून घेतो. लगाम वेळेवर आला नाही, तर विषाणू ओसरत असतानाही फुप्फुसं पोळत राहतात. तेच निरोप मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रखवालदार पेशींनाही डिवचतात, आणि झोप, भूक, लक्ष, ओळख यांचा मेळ बिघडतो. वयस्कर मेंदूत तो लवकर बिघडतो.

प्राध्यापक साहेबांना एक शंका. ‘प्रेरक’ म्हणजे पुढे ढकलणारा, पण कॉर्टिसोल तर आवर घालतं. रुग्णाला ‘संप्रेरक’ म्हटलं की उत्तेजक औषध वाटतं. मी सरळ ‘हार्मोन’ म्हणतो. शेतकऱ्यालाही तो शब्द ठाऊक आहे, द्राक्षाच्या घडाला ‘जीए’ देतो तेसुद्धा वनस्पतीचं हार्मोनच.

स्टेरॉइडबद्दल पत्रकात नक्की लिहा. डेक्सामेथासोन ही कॉर्टिसोलच्याच वळणाची, पण कितीतरी पट जोरदार अशी बनवलेली गोळी. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष आला : व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतले मृत्यू तिने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांतले सुमारे एक पंचमांशाने, आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून ही गोळी आणू नये. तिने साखर चढते, झोप उडते आणि डोकंही भरकटू शकतं. ताईंच्या आईंच्या त्या दोन दिवसांत थोडा वाटा औषधाचाही असू शकतो.

प्रतिसाद, कवठेमहांकाळहून (शेतकरी)

मी शिकलेला कमी, पण घरातले शब्द सांगतो. पायाला काटा लागून पिकला की जांघेत गाठ येते, तिला आम्ही ‘अवधाण’ म्हणतो. जखम एकीकडे, गाठ दुसरीकडे. आणि तापात बडबडणाऱ्याला आजी म्हणायची, “वात झालाय, उशाशी बसून राहा.” कुणी ना कुणी रात्रभर बसायचं, दिवा मोठा ठेवायचं, नाव घेऊन हाक मारायचं.

जनावर आजारी पडलं की वैरणीला तोंड लावत नाही, कान पाडून उभं राहतं. त्याला ‘मलूल’ म्हणतात. माणूसही तसाच मलूल होतो.

आता ताईंच्या शब्दाचं. उसाचं पाचट पेटवलं की बांधावरच्या आंब्याला झळ लागते. आग फडात, आंब्याला जाळ शिवलेला नसतो. तरी त्या बाजूची पानं करपतात. झाड मरत नाही, पावसाळ्यात परत फुटतं. तुमच्या आईच्या मेंदूला ‘झळ’ लागली होती.

प्रतिसाद, मिरजेहून

दादा, हाच शब्द! “छातीतल्या दुखण्याची मेंदूला झळ लागलीय,” असं म्हटलं तर कुणीही समजेल, आणि कुणी रडायला लागणार नाही. तुमच्या आजीचा उपायही खरा आहे. आम्ही आज तेच करतो : चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवायचं, ओळखीचं माणूस बसवायचं, वार आणि वेळ सांगत राहायचं.

प्रतिसाद, साताऱ्याहून

‘मलूल’ही घ्याच. १९८८ मध्ये बेंजामिन हार्ट या अमेरिकी पशुवैद्यकाने हेच मांडलं की आजारी जनावराचं पडून राहणं आणि न खाणं हा निव्वळ अशक्तपणा नसून शरीराने ताकद वाचवण्यासाठी लावलेली व्यवस्था आहे. आणखी एक : कॉर्टिसोल सकाळी सर्वांत जास्त असतं, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. दिवेलागणीला ताप चढतो त्यात या दिनक्रमाचाही हात असतो. भ्रमही बहुधा रात्रीच वाढतो. नातेवाइकांना हे आधी सांगितलं की ते रात्रीला घाबरत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती, तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचा बांधावरचा आंबा वाचला आणि भावाला फोन करून वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मी असं ठरवलं आहे. शरीरातल्या प्रक्रियेला ‘दाह’, पण पहिल्यांदा येईल तिथे उकल करून. मेंदूसाठी ‘झळ’. ‘मेंदूज्वर’ वेगळ्या चौकटीत, कारण तापासोबत मान आखडणं किंवा झटके दिसले तर थांबायचं नसतं, लगेच दवाखाना गाठायचा. ‘संप्रेरक’ एकदाच, ‘हार्मोन’ बाकी सगळीकडे. सर, रागावू नका. मसुदा असा :

“विषाणूशी लढताना शरीर आतून पेटतं. याला दाह म्हणतात. तो बाहेरून सुजेसारखा दिसेलच असं नाही, रक्त तपासल्यावर कळतो. कॉर्टिसोल हे आपल्या शरीरातलं हार्मोन (संप्रेरक) हा दाह आवरतं. दाह फार वाढला तर मेंदूला झळ लागते. माणूस मलूल होतो, बरळतो, घरच्यांना ओळखत नाही. हे वेड नव्हे. डॉक्टरांना लगेच सांगा आणि आजाऱ्याजवळ ओळखीचं माणूस बसू द्या. स्टेरॉइड फक्त डॉक्टरांनी सांगितल्यावर, सांगितले तितकेच दिवस.”

प्रतिसाद, सांगलीहून

रागावलो नाही. ‘झळ’ मला सुचायला हवा होता. ‘आजाऱ्याजवळ’ हा शब्द तसाच ठेवा, ‘रुग्णाजवळ’ करू नका.

प्रतिसाद, मिरजेहून

ताई, दोनशे प्रती आमच्या वॉर्डासाठीही पाठवा. फक्त अक्षर मोठं घ्या. रात्री उशाशी बसणारे बरेच जण सत्तरीचेच असतात.