मदत हवी आहे: बाबांना स्टॅन्ली स्पेन्सरचं बर्गक्लेअर चॅपल दाखवायचंय

नमस्कार मंडळी,

आईबाबा उन्हाळ्यात आमच्याकडे रेडिंगला येतायत. लंडन-बिंडन होईलच, पण एक अख्खा दिवस मला स्टॅन्ली स्पेन्सर या इंग्रज चित्रकारासाठी ठेवायचाय, तर ज्यांनी त्याची चित्रं प्रत्यक्ष बघितलीत त्यांनी प्लीज मदत करा.

बाबा आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते. ड्रेसिंग, बेडपॅन, चादरी, रात्रपाळी यातच नोकरी गेली आणि त्याबद्दल ते कधीच काही बोलत नाहीत, विचारलं तर म्हणतात त्यात काय सांगायचं, लढणारे वेगळे होते.

स्पेन्सरनेही हेच काम केलंय. जन्म 1891 चा, थेम्सकाठच्या कुकम गावचा, आणि बायबलमधले बरेच प्रसंग त्याने चित्रांत त्या गावातच घडवले. 1924 ते 27 मध्ये काढलेल्या पुनरुत्थानाच्या साडेपाच मीटर रुंद चित्रात कुकमच्याच चर्चच्या आवारातली थडगी उघडतात आणि लोक सकाळी उठावं तसे निवांत बाहेर येतात, त्यात तो स्वतः आहे, बायको हिल्डा तर बऱ्याच ठिकाणी आहे. पण पहिल्या महायुद्धात तो आधी ब्रिस्टलच्या ब्यूफर्ट हॉस्पिटलमध्ये ऑर्डर्ली (वॉर्डातली वरकामं करणारा मदतनीस) होता, मग मॅसिडोनियाला गेला, आणि त्या आठवणींतून 1927 ते 32 या काळात हॅम्पशायरमधल्या बर्गक्लेअर गावातलं सँडहॅम मेमोरियल चॅपल (छोटं प्रार्थनाघर) आतून रंगवलं. बेहरेंड नावाच्या जोडप्याने ते मिसेस बेहरेंडच्या भावाच्या स्मरणार्थ बांधलं होतं. एकूण 19 चित्रं आहेत आणि लढाईचं एकही नाही! फरशी घासणं, कपडे वेगळे करणं, चहाची भांडी भरणं, वॉर्डातला ब्रेड-जॅम, बाटल्यांत पाणी भरणं, एवढंच. आणि समोरच्या मोठ्या भिंतीवर सैनिक थडग्यांतून उठून आपापले पांढरे क्रूस ख्रिस्ताकडे नेऊन देतायत, तो ख्रिस्तसुद्धा मागे कुठेतरी लहानसा बसलाय, मधोमध दोन खेचरं. मला वाटतं धार्मिक चित्रात इतका मान हॉस्पिटलच्या हलक्या समजल्या जाणाऱ्या कामाला क्वचितच कुणी दिला असेल, म्हणूनच बाबांनी हे बघायलाच हवं.

आता अडचणी. न्यूबरी स्टेशनपासून टॅक्सी सहज मिळते का, की गाडीच भाड्याने घ्यावी? बाबांचे गुडघे दुखतात, आत बराच वेळ बसून बघता येतं का? ढगाळ दिवशी आत नीट दिसतं का, की ऊन बघूनच जावं? बाजूच्या भिंतींपासून सुरुवात करून शेवटी समोरची भिंत बघावी असं मला वाटतंय, तुम्ही कसं बघितलंत? कुकमची गॅलरी (जुन्या मेथडिस्ट चॅपलमध्ये आहे ती) त्याच दिवशी केली तर घाई होईल का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाबांना आधी किती सांगू? ते चित्रं बघणारे नाहीत, देवळात मात्र तासन्‌तास बसतात. सगळी माहिती आधीच दिली तर ते माझं मन राखायला छान छान म्हणतील, आणि काहीच नाही सांगितलं तर चर्च आहे म्हणून दारातूनच हात जोडून परत फिरतील. कुणी आपल्या वडीलधाऱ्यांना तिथे नेलं असेल तर काय केलंत ते सविस्तर लिहा. स्पेन्सरवर मराठीत काही वाचायला असेल तर तेही सांगा, प्रिंट काढून आईकडे देईन, ती वाचून दाखवते त्यांना.