उत्तर: सर्फ संगीतासाठी गिटारला तारा कोणत्या?

तुमच्या फेंडर जॅग्वार इलेक्ट्रिक गिटारवर ०.००९ इंचापासूनचा बारीक तारांचा संच आहे आणि जोरात वाजवलं की तार सॅडलवरून (ब्रिजवर तार टेकते त्या खाचेतून) निसटते, असं तुम्ही लिहिलंय. गिटारमध्ये दोष नाही. जॅग्वारची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २४ इंच, स्ट्रॅटोकास्टरची २५.५, त्यामुळे त्याच सुराला तीच तार इथे ढिली राहते. त्यात ब्रिजमागचा कोन उथळ. १९६२ साली ही गिटार आली ती जाड तारांच्या जमान्यात.

०.०११ पासूनचा संच घ्या, आणि तिसरी तार वेटोळ्याची (वरून बारीक तार गुंडाळलेली) असलेलाच. जाड पण साधी तिसरी तार वरच्या पडद्यांवर बेसूर होते, ते फार खटकतं.

आता फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याची, गुळगुळीत) की राउंडवाउंड (गोल वेटोळ्याची, खरखरीत)? मी फ्लॅटवाउंडच्या बाजूचा. तळहाताची कड ब्रिजवर टेकवून खालच्या ई वर (सर्वांत जाड तारेवर) भरभर पिक चालवा: प्रत्येक ठोका सुटा पडतो, आणि मागून रिव्हर्बचं (घुमणाऱ्या प्रतिध्वनीचं) पाणी उसळतं. पण त्याच तारेवरून वरून खाली घसरत येताना जी दाणेदार गुरगुर लागते, ती राउंडवाउंडच देते. ती हवी असेल तर शुद्ध निकेलच्या घ्या. सर्फ गिटारवादक डिक डेल ०.०१६ ते ०.०६० लावायचा, तिथे लगेच जाऊ नका, बोटं दुखावतील. जाड तारांसाठी नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा मात्र तपासून घ्या.

बेस गिटारवर फ्लॅटवाउंडच, ०.०४५ ते ०.१०५. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी सरकवा आणि पिकने वाजवा. ड्रमशी कसा घट्ट बसतो बघा!