तांब्याचा पत्रा आणि आरमार
लंडनच्या स्त्रिया १७९० मध्ये परकराखाली खरोखरच तांब्याचे पत्रे बांधून हिंडत होत्या, याचा पुरावा म्हणून त्या काळातले एक व्यंगचित्र दाखवले जाते. हे मात्र मला पटत नाही. रस्त्यात स्त्रियांच्या पार्श्वभागावर धारदार शस्त्राने वार करणाऱ्या ‘मॉन्स्टर’ नावाच्या हल्लेखोराची भीती खरी होती, यात वाद नाही. परंतु एक कारागीर एका बाईच्या पार्श्वभागावर तांबे बसवत आहे, या दृश्यातला मुख्य विनोद शब्दश्लेषाचा आहे. जहाजाच्या तळाला किडे आणि शेवाळ लागू नये म्हणून इंग्रजी आरमाराने १७८० च्या सुमारास आपल्या जहाजांना तांब्याचे पत्रे ठोकून घेतले होते, आणि इंग्रजीत जहाजाच्या तळाला आणि माणसाच्या बैठकीला ‘बॉटम’ हा एकच शब्द असल्याने चित्रकाराला ती कोटी आयतीच मिळाली.

त्या घबराटीला बक्षिसाचीही फोडणी होती, हेही येथे नोंदवायला हवे. विमाव्यवसायातले धनिक जॉन ज्युलियस अँगरस्टाइन यांनी एप्रिल १७९० मध्ये १०० पौंडांचे इनाम लावल्यावर संशयितांची आणि तक्रारींची रीघ लागली, आणि काही तक्रारी तर निखालस बनावट निघाल्या. ‘मॉन्स्टर’ असल्याच्या आरोपावरून ऱ्हिनविक विल्यम्स पकडला गेला तो त्यानंतर, जूनमध्ये.