नवतप्यात काय वाचावं: कथासंग्रह की सरळ जाडजूड कादंबरी?

खसताटी:
२५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल नाही, आणि कूलरच्या घरघरीत टीव्ही ऐकू येत नाही. उरतं पुस्तक. माझं मत सरळ आहे, उन्हाळ्यात कथासंग्रहच वाचावा. एक कथा, वर पन्हं, मग डुलकी. उठल्यावर कोण कुणाचा मेहुणा हे आठवत बसावं लागत नाही. माझ्या कादंबऱ्या दर वर्षी अर्ध्या राहतात आणि पावसाळ्यात त्यांच्यात खूण म्हणून ठेवलेलं विजेचं बिल सापडतं.

माझी यादी: शंकर पाटलांचा 'वळीव' (मे महिन्यात निदान नावानं तरी गार वाटतं). द. मा. मिरासदारांचं काहीही, पण 'भुताचा जन्म' घरातल्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखवा. नव्यांपैकी किरण गुरव यांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी', २०२१चा साहित्य अकादमी पुरस्कार यालाच आहे. आणि जी. ए. कुलकर्णींचा 'काजळमाया'. तुमची नावं सांगा.

दुपारचा जागा:
नावं नंतर, आधी भांडण. कथा आखूड असते म्हणून ती हलकी असते, हे कुणी सांगितलं? 'काजळमाया'तली 'विदूषक' मागच्या मे महिन्यात जेवणानंतर वाचायला घेतली. डुलकी तर गेलीच, संध्याकाळच्या चहापर्यंत मी घरात कुणाशी धड बोललो नाही. पन्हं तसंच राहिलं. आखूड म्हणायचं तर जी. एं.चंच 'रमलखुणा' उघडून बघा, अख्ख्या पुस्तकात दोनच कथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'.

दुसरं असं, की संग्रहात दर कथेला नवं गाव, नवी माणसं, नवा सूर. दर वेळी नव्या उंबरठ्याशी चपला काढायच्या. ४५ अंशांत डोक्याला तेवढी मेहनत झेपत नाही. कादंबरीची पहिली पन्नास पानं जड जातात, मान्य. पुढे तीच तुम्हाला ओढून नेते. आपल्याकडे विदर्भात शाळाही पुण्या-मुंबईपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. एवढी सलग सुट्टी हातात असताना घोट घोट काय प्यायचं?

बर्डीवरचा दुकानदार:
काहून भांडून राहिले राजेहो! ज्याच्याजवळ सलग पाच तास आहेत त्यानं कादंबरी वाचावी. मी दुपारी दुकानात बसतो. उन्हात गिऱ्हाईक येत नाही, पण येणारच नाही याची गॅरंटी नाही. मले कथाच परवडते. गिऱ्हाईक आलं तर बोट घालून पुस्तक मिटता येते, अन् दोन पानं मागं जाऊन पुन्हा धरता येते. आत्ता आसाराम लोमट्यांचं 'आलोक' वाचून राहिलो. तेही अकादमीवालंच, २०१६चं. गावचं राजकारण असं लिहिलंय की पुढचं गिऱ्हाईक जरा उशिराच यावं वाटते.

नरखेड पॅसेंजर:
यादी नागपूरकराची आणि तिच्यात विदर्भ कुठाय? वामन चोरघडे १९१४ साली नरखेडला जन्मले, नागपुरात कॉलेजात शिकवलं, १९७९च्या चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांची कथा आटोपशीर, हळुवार, आवाज न चढवणारी. दुपारच्या वाचनाला याहून काय हवं? आमच्या वाचनालयात त्यांचा संग्रह मागितला तर बाईंनी आधी मलाच नाव दोनदा विचारलं. पुस्तक निघालं, पण मागच्या पानावरचे तारखांचे शिक्के पुसट झालेले. माझ्याआधी कुणी नेलं होतं कोण जाणे.

दुपारचा जागा:
गाववाला म्हणून वाचा, ही काही शिफारस झाली नाही. उद्या म्हणाल संत्रं आपलं म्हणून आंबा बंद.

नरखेड पॅसेंजर:
गाववाला म्हणून नका वाचू. पण वाचलंच नाही, म्हणून यादीत नाही, हे तरी कबूल करा. तुम्ही किती वाचलेत?

दुपारचा जागा:
शाळेच्या पुस्तकातली एक. ...बरं, मुद्दा पोचला.

गच्चीवर गादी:
मला 'उन्हाळी वाचन' या शब्दाचाच राग येतो. बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३चं. शीर्षककथेत पोटासाठी परगावी गेलेला माणूस जात लपवून राहतो, आणि ती उघडी पडल्यावर काय होतं ते मी इथे सांगणार नाही. हे पुस्तक 'विरंगुळा' म्हणून यादीत घालायचं? आणि नाही घालायचं, तर का नाही? भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' शाळेत वाचली होती. भाव पडला म्हणून बाप भर बाजारात आपलेच टमाटे तुडवतो. कळमन्याच्या बाजारात भाजी आणायला गेलो की अजून आठवते. अशा कथा डुलकीच्या सोयीनं निवडल्या जात नाहीत.

खसताटी:
तुम्ही सगळे मिळून माझी डुलकी घालवणार. ठीक आहे, 'काजळमाया' दुपारच्या यादीतून काढतो. ती रात्री गच्चीवर, फरशी गार झाल्यावर. बागूलही तेव्हाच, आणि एका बैठकीत एकच कथा. चोरघडे मी वाचलेले नाहीत हे खरंच, या आठवड्यात आणतो. पण कादंबरीचं म्हणणं पटलं नाही. नव्या उंबरठ्याशी चपला काढायच्या, हीच तर कथेची मजा आहे. एकाच घरात महिनाभर पाहुणा म्हणून राहिलं की पाहुणा आणि घर दोघंही कंटाळतात.

दुपारचा जागा:
पाहुणचार चांगला असेल तर नाही कंटाळत. मी जाड पुस्तकच घेणार. जूनअखेर कळवतो, कितव्या पानावर आहे ते.

बर्डीवरचा दुकानदार:
विजेचं बिल आत ठेवजा भाऊ, भरायच्या तारखेला आठवण राहते. अन् 'वळीव' कोणाजवळ आहे? रविवारी दुपारी दुकान बंद असते, मी येऊन नेतो. पन्हं चालेल.