मदत हवी आहे: एकाच रीडिंगची दोन उत्तरं येताहेत (क्विनीन, फ्लोरिमीटर)

सेवउसळ:
नमस्कार. बडोद्यात एमएस्सी केमिस्ट्री, पहिलं वर्ष. टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन (त्याला कडू चव देणारं द्रव्य) किती, हे फ्लोरिमीटरवर काढायचं प्रॅक्टिकल आहे. द्रावणावर ३५० नॅनोमीटरचा प्रकाश सोडायचा आणि ४५० ला जो निळा प्रकाश बाहेर पडतो तो मोजायचा, एवढंच. सगळं ०.०५ मोलर सल्फ्युरिक अॅसिडमध्ये.

माझी स्टँडर्डं (क्विनीन किती ते ठाऊक असलेली द्रावणं) अशी आली: १ पीपीएमला (लिटरला १ मिलिग्रॅम) १०, ५ ला ४५, १० ला ८२, २५ ला १५३, ५० ला १८८. इथवर रेघ वाकतेय, पण निदान चढतेय तरी. आणि १०० पीपीएमला? १४१! दोनदा नव्याने बनवून पाहिलं, तेच.

आता टॉनिक वॉटर. गॅस घालवला, अॅसिडचे थेंब टाकले, रीडिंग १७८. त्या उंचीवर आडवी पट्टी धरली तर ती आलेखाला दोन जागी कापते, एकदा ३५ च्या आसपास आणि एकदा ७० च्या. जर्नलात काय लिहू? लॅबमध्ये विचारलं तर म्हणे, "वरचे दोन पॉइंट खोड, सरळ रेघ येईल." येईल हो, पण ती रेघ १५३ ला संपते आणि माझे १७८ वर लटकत राहतात.

दुसरी शंका छोटी आहे. ब्लँकमध्ये, म्हणजे नुसत्या अॅसिडमध्ये, ३९७ ला एक टेंगूळ दिसतं. क्युव्हेट (द्रावण ठेवायची चौकोनी काचनळी) तीनदा धुतली तरी जात नाही. गुरुवारी सबमिशन आहे, प्लीज.

घाईत_आहे:
डायल्यूट कर. २० पट.

सेवउसळ:
करते, पण का ते कळलं नाही तर व्हायव्हात बोंब. मशीन सॅच्युरेट होतंय का?

मकरपुरा_निवृत्त:
नाही. सॅच्युरेट झालं असतं तर रीडिंग वर जाऊन अडकलं असतं, खाली उतरलं नसतं. मी बरीच वर्षं औषधांच्या कारखान्यात क्यूसीला (माल तपासणीला) होतो, हे वाकडं शेपूट पुष्कळदा पाहिलंय. आधी एक कर. १००० पीपीएमचं स्टॉक, म्हणजे मूळ दाट द्रावण, असेलच तुझ्याकडे. अंधारात धर आणि एका बाजूने नोटा तपासायची जांभळी टॉर्च मार. ३६५ नॅनोमीटरची बघून घे, ३९५ ची नको, आणि डोळ्यांवर मारू नकोस. मग तेच १ पीपीएमवर. काय दिसतं ते लिही, मग बोलू.

सेवउसळ:
काका, केलं. स्टॉकमध्ये टॉर्चकडच्या काचेला चिकटून नखाएवढ्या जाडीचा निळा पट्टा पेटला, लख्ख. त्याच्या मागे सगळं साधं पाणी! १ पीपीएममध्ये उलट: फिकट निळं, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं.

मकरपुरा_निवृत्त:
मग उत्तर तू डोळ्यांनी पाहिलंस. फ्लोरिमीटरमध्ये डिटेक्टर दिव्याला काटकोनात ठेवतात, झोत थेट त्यात शिरू नये म्हणून. झेनॉनच्या झोतापुढे ही चमक म्हणजे सूर्यापुढे काजवा. आणि हा डिटेक्टर बघतो कुठे? क्युव्हेटच्या मधोमध. काचेलगतचा तुझा लख्ख पट्टा त्याच्या नजरेतच येत नाही. दाट द्रावणात पुढच्या रेणूंनीच ३५० चा प्रकाश फस्त केला, मधल्यांच्या ताटात काही उरलं नाही. याला इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात.

हिशेब करून बघ. १०० पीपीएमचा ३५० ला अॅब्सॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचं माप) यूव्ही मशीनवर घे, १.७ च्या जवळपास यावा. क्युव्हेट १ सेंटीमीटरची, मध्य अर्ध्यावर, म्हणजे ०.८५. दहाचा वजा ०.८५ वा घात ०.१४. मधोमध पोचतो तो जेमतेम १४ टक्के प्रकाश. १ पीपीएमला १० या दराने १०० ला १००० यायला हवे होते, त्याचे १४ टक्के १४०. तुला १४१ आलेत. मशीन बिचारं खरं बोलतंय.

जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४५ मध्ये क्विनीनच्या द्रावणात पृष्ठभागाला चिकटलेला हाच निळा थर पाहिला होता. त्यातून एकदा गेलेला प्रकाश पुढच्या द्रावणात तशी चमक उठवत नाही, हेही त्याला दिसलं, पण कोडं सुटलं नाही. केंब्रिजच्या स्टोक्सने १८५२ मध्ये ते सोडवलं: आत जातो तो डोळ्याला न दिसणारा अतिनील, बाहेर पडतो तो जास्त तरंगलांबीचा. फ्लोरेसन्स हे नावही त्यानेच दिलं, फ्लोरस्पार या खनिजावरून. आपल्या छोटाउदेपूरकडे आंबाडुंगरला फ्लोरस्पारच्याच खाणी आहेत. टॉर्च घेऊन धावू मात्र नकोस, प्रत्येक खडा चमकतोच असं नाही.

तर, अॅब्सॉर्बन्स ०.१ च्या खाली राहील इतकं पातळ कर, म्हणजे तुझ्याकडे ५ पीपीएमच्या आत. स्टँडर्डंही तिथलीच घे, अर्ध्यापासून पाचपर्यंत. वरचे पॉइंट खोडू नकोस, जर्नलात राहू देत आणि कारण लिही. परीक्षकाला तेच आवडेल. (मला तरी आवडलं असतं.)

टेंगूळ मळाचं नाही, पाण्याचंच आहे. पाण्याचे रेणू थोडी ऊर्जा ठेवून घेऊन प्रकाश विखुरतात. रामनना १९३० चं नोबेल मिळालं ते याच परिणामासाठी. खात्री करायची तर दिव्याची तरंगलांबी ३६० कर. टेंगूळ सरकून ४१० च्या आसपास जाईल. क्विनीनचं शिखर जागचं हलणार नाही.

सेवउसळ:
झालं! २० पट पातळ केल्यावर ३.४ पीपीएम आलं, म्हणजे मूळचं ६८. तेव्हा ७० वालं खरं होतं, आणि मी ३५ लिहिणार होते, कारण ते आलेखाच्या "चांगल्या" बाजूला होतं. टेंगूळही सरकलं. थँक्यू काका.

आता मैत्रिणीचं विचारते. तिची स्टँडर्डं माझ्याइतकीच पातळ, तरी रीडिंग अर्ध्याहून कमी. सल्फ्युरिकची बाटली संपली होती म्हणून तिने हायड्रोक्लोरिक वापरलं. अॅसिड ते अॅसिड, फरक काय पडतो?

मकरपुरा_निवृत्त:
इथे पडतो. दोष आम्लपणाचा नाही, क्लोराइडचा. चमकायच्या आधीच क्लोराइड रेणूची ऊर्जा काढून घेतं. सल्फ्युरिकमधल्या क्विनीनवर टॉर्च धरून चिमूटभर मीठ टाकायला सांग तिला.

सेवउसळ:
टाकलं. ढवळता ढवळता निळं विझत गेलं, फ्यूज उडाल्यासारखं तोंड झालं तिचं. आता सगळं पहिल्यापासून करायचंय आणि सल्फ्युरिकची बाटली अजून रिकामीच आहे.