विषय: हार्मोनियमवादकासाठी ओ-१ व्हिसा

फोंड्याहून:

अमेरिकेतील मंडळाच्या सर्व सभासदांना स. न. वि. वि.

माझा भाचा नाट्यसंगीताला हार्मोनियमची साथ करतो. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धांपासून जत्रेतल्या नाटकांपर्यंत त्याला सतत बोलावणे असते. अमेरिकेत असामान्य गुणवत्तेसाठी व्हिसा मिळतो असे कळल्यावर त्याने मानपत्रे आणि शाल-श्रीफळाची छायाचित्रे जमवायला घेतली आहेत. हा अर्ज त्याला स्वतः करता येईल काय? त्याचा पासपोर्ट पोर्तुगीज आहे, त्याचा काही उपयोग होतो काय?

उत्तर:

आदरणीय काका, सादर नमस्कार.

कलावंतांसाठीचा हा व्हिसा ओ-१बी होय. त्याचा अर्ज कलाकाराला स्वतः करता येत नाही. अमेरिकेतील संस्थेने किंवा एजंटाने तो करायचा असतो आणि सोबत करार, कार्यक्रमांचा तपशील व त्या क्षेत्रातील जाणकारांचे लेखी मत जोडायचे असते. स्वतःचा स्वतः करता येतो तो ईबी-१ए, पण तो ग्रीन कार्डाचा मार्ग आहे आणि त्याची कसोटी बरीच कडक आहे.

ग्रॅमीच्या तोडीचा पुरस्कार नसेल, तर सहा निकषांपैकी किमान तीन पुराव्यानिशी सिद्ध करावे लागतात, आणि साथीदाराची खरी अडचण इथेच आहे. मानपत्रात ‘गोमंतभूमीचा सुपुत्र’ असते, पण त्याने कोणत्या नाटकाला, कोणत्या साली, कोणाला साथ केली याचा पत्ता नसतो. वृत्तपत्रातले परीक्षणही ‘संगीतसाथ पूरक’ एवढ्यावरच आटोपते. म्हणून नामवंत नाट्यसंस्थांकडून, त्या प्रयोगांत त्याची साथ का महत्त्वाची होती हे सविस्तर सांगणारी पत्रे घ्यावीत. ‘नवप्रभा’ किंवा ‘गोमन्तक’मधील कात्रणे तारखेसह ठेवावीत, त्यांचे पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे सहीचे प्रमाणपत्र लागतेच.

तरीही केवळ गणेशोत्सव ते दिवाळी एवढ्याच कार्यक्रमांसाठी यायचे असेल, तर माझ्या मते पी-३ अधिक योग्य. तो पारंपरिक कलांसाठी आहे आणि जास्तीत जास्त एका वर्षासाठी मिळतो. ओ-१ सुरुवातीला तीन वर्षांपर्यंत मिळू शकतो. अमेरिकेतला अर्जदार मात्र पी-३ लाही लागतो.

पोर्तुगीज पासपोर्टावर व्हिसाशिवाय ९० दिवस फिरायला येता येते, मानधन घेऊन वाजवता येत नाही. मंडळाचा ‘घरचाच कार्यक्रम’ म्हटल्याने हा नियम बदलत नाही, हे आपल्या काही आयोजकांनीही ध्यानात घ्यावे.

त्याने साथ केलेल्या नाटकांची सालवार यादी पाठवल्यास मी ती कार्यकारिणीपुढे ठेवीन. मंडळाने अर्जदार व्हावे की नाही, हा निर्णय त्यानंतरच घेता येईल.